लाल बावट्याचे गोंडे

भागीच्या हातांना उसंत म्हणून नव्हतीच. चुलीवर भात रटरटत असताना ती चिंध्या कातरत बसायची. पट्ट्यांची जुडी मधोमध दोऱ्याने करकचून आवळायची, टोकं छाटायची आणि तळहातांत घोळवून गोंडा फुलवायची. उंबरमाळीच्या आसपास कुणाला बैल सजवायचा झाला की तो तिच्याच दारात यायचा. हे तिलाही ठाऊक होतं, आणि तेच तिला नडलं.

लढाईचे दिवस. बाजारातलं कापड आटलेलं, आणि मिळे त्या तांबड्या कापडाचा रंग टिकत नसे. आदल्या साली तिचे गोंडे दवात भिजले आणि गावातल्या जैतूचा पांढराशुभ्र बैल कपाळापासून गुलाबी झाला. म्हसाच्या जत्रेत लोक पोट धरून हसले. यंदा जैतू आला तो टोमणा मारतच. "भागीवयनी, बैल रंगवायचा नाय गो मला. नुसते गोंडे दे." ते बोलणं तिच्या मनात सलत राहिलं.

नेमका त्याच आठवड्यात तिच्या नवऱ्याने, चांगोने, लाल बावटा घरी आणला. चांगो रेल्वेच्या रूळदुरुस्तीच्या टोळीत होता. वळणापलीकडे रूळ उखडून काम चाललं की अलीकडे बावटा घेऊन उभं राहायचं आणि गाडी थांबवायची, हे त्याचं काम. "कड उसवलीय," तो म्हणाला. "सकाळपर्यंत शिवून ठेव."

भागीने कापड ओलं करून चोळून पाहिलं. रंग जराही सुटेना. झालं! कडेची बोटभर पट्टी काढली तर कुठे बिघडतं, म्हणून तिने कात्री लावली. पण गोंडा भरगच्च दिसेना. मग आणखी एक पट्टी. आणि जोडीतल्या दुसऱ्या बैलाचा गोंडा पहिल्यापेक्षा बारीक कसा चालेल? भानावर आली तेव्हा बावट्याचा रुमाल उरला होता. तिने त्याचीच कड दुमडून शिवली, काठीला गुंडाळला आणि सकाळी गुपचूप नवऱ्याच्या हातात दिला. शहाणीच की नाही!

तो गेला आणि तिचा जीव थाऱ्यावर राहीना. घाटातून शिट्टी ऐकू आली की ती दाराशी धावे. एवढीशी चिंधी ड्रायव्हरला दिसली नाही तर? पलीकडे टोळीची माणसं रुळांवर वाकलेली असतील. तव्यावर भाकरी करपली. ती तशीच टाकून, दोन्ही गोंडे मुठीत धरून भागी रुळांच्या कडेने धावत सुटली.

वळणावर चांगो उलगडलेल्या बावट्याकडे नुसता बघत उभा होता. समोरून मालगाडी येत होती.

"अवो, ह्ये घ्या! मीच कापला!"

त्याने काही न विचारता गोंडे काठीच्या टोकाला अडकवले आणि हात उंच करून जिवाच्या आकांताने नाचवले. चाकं घासत गाडी थांबली.

टोळीचा मुकादम धापा टाकत आला आणि काठीवरची चिंधी बघून ओरडला, "बावटा कुणी कापला रे?"

भागी तोंड उघडणार, तोच चांगो म्हणाला, "मी."

तिथल्या तिथे त्याला कामावरून काढलं. गोंडे काठीवरून सोडवून घेत तो घराकडे चालू लागला. हा एकदाच्या शिव्या घालून मोकळा का होत नाही, असं भागीला झालं होतं. ओटीवर बसून त्याने गोंड्यांतली धूळ फुंकली आणि ते तिच्या ओंजळीत ठेवले.

"लांबून दिसले गो तुझे गोंडे," तो म्हणाला.

भागी ते छातीशी धरून हमसून हमसून रडली.