हत्ताच्या पाण्यातला नारळ

प्रत्येक धरणाच्या तळाशी एक गाव निजलेलं असतं. दुबईच्या डोंगराळ भागातल्या हत्ताच्या धरणाच्या तळाशी, माझ्या माहितीप्रमाणे, दगड आहेत. तिथल्या वीजप्रकल्पाच्या एका कंत्राटदाराकडे मी नोकरी करतो. दिवसा सौरविजेवर पाणी डोंगरातल्या वरच्या तलावात चढवायचं आणि संध्याकाळी दुबईला वीज लागली की तेच खाली सोडून जनित्रं फिरवायची, एवढाच मामला. आमच्या माहितीपत्रकात त्याला ‘उद्याचा श्वास’ म्हटलंय.

आई साताऱ्याहून आली होती. तिचं माहेर ती लहान असतानाच धरणात गेलं. रविवारी तिला आणि मुलाला घेऊन मी दुबईतल्या इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या घरून हत्ताला गेलो. खालच्या तलावावर नावा भाड्याने मिळतात. मी तिकिटं काढली, पण आई काठावरच थांबली. तिच्या माहेरच्या बायका बुडालेल्या गावाला नारळ दिल्याशिवाय लाँचमध्ये पाय ठेवत नाहीत. तिच्या पिशवीत नारळ होता.

“कुठलं गाव गेलं रं ह्यात?”

“कुठलंच नाही, आई. नुसते दगड होते.”

“आमच्या सायबानंबी वर हेच कळवलं हुतं.”

मुलगा म्हणाला, “आजी, इट्स बेसिकली अ बॅटरी.”

“मग बॅटरीत नावा कशाला सोडल्यात?”

मागची रांग ‘यल्ला, यल्ला’ म्हणत घाई करू लागली. मी म्हणालो, “होतं एक. छोटंसं.”

“आता कसं खरं बोललास.” तिने पदर सारखा केला. “माणसं कुठं गेली?”

“घरं बांधून दिली त्यांना.”

“सगळ्यांना एका जागी?”

“एकाच गल्लीत.”

“बरं झालं बाबा. आमची चार तालुक्यांत पांगली. माझी मैत्रीण कुठं गेली, अजून ठाव न्हाई.” तिने डोळे मिटून नारळ पाण्यात सोडला आणि मग निवांत नावेत बसली. नसलेल्या गावाचं मी एका वाक्यात पुनर्वसन केलं होतं. तिच्या गावाविषयी मी तिला आजवर एवढेही प्रश्न विचारले नव्हते.

परतल्यावर ती दोघं गाडीकडे गेली. नाववाल्याने मला थांबवलं. “सर, नो थ्रोइंग प्लीज,” म्हणत त्याने जाळीने काढलेला नारळ माझ्या हातात ठेवला. देऊन झालेला नारळ खाववत नाही, आणि तो कचऱ्याच्या डब्यातही टाकवेना. मी तो गुपचूप डिकीत ठेवला.

पहिल्याच वळणावर तो घरंगळला. आई त्या गल्लीबद्दल विचारत होती. विहीर आहे का, शेजार तोच ठेवलाय का. मी सगळ्याला हो म्हणत होतो. मध्येच तिने मागे वळून पाहिलं.

“काय वाजतंय रं?”

“स्टेपनी.”

या गाडीला स्टेपनी येत नाही.