भाड्याचं मशीन

शेजारणीची वाटी आमच्या घरी आली, की सासूबाई ती घासूनपुसून लख्ख करतात आणि निदान चिमूटभर साखर तरी घालून परत पाठवतात. रिकामी कधीच नाही. दुसऱ्याची वस्तू घरात असली, की ती परत जाईपर्यंत त्यांच्या जिवाला घोर.

वाडीत गोदामांच्या मागे आम्ही दोघी सासू-सुना एका शेडमध्ये पुठ्ठ्याची खोकी बनवतो. पूर्वी सगळं हातानं चालायचं. मागणी भरपूर, हात चारच. मशीनसाठी बँकेत गेले तर साहेबांनी विचारलं, गहाण काय ठेवता? माझ्याकडे सासूबाई सोडून ठेवण्यासारखं काही नव्हतं. शेवटी एका लीजिंग कंपनीनं मशीन दिलं. मालकी त्यांची, दर महिन्याचं भाडं आमचं. भाडं थकलं तर मशीन परत जाणार होतं, आणि त्याच्याच भरवशावर मी मोठ्या ऑर्डरी घेऊन बसले होते.

मशीन आलं आणि सासूबाईंनी त्याच्यावर जुनं लुगडं पांघरलं. सकाळी जरा वेळ चालवायचं, मग बंद. उरलेली खोकी पुन्हा हातानं.

"आता काहून बंद केलं, आई?"

"लोकायचं हाय ते. झिजलं तं काय तोंड दाखवशीन?"

मी समजावलं, चिडले, अबोला धरून पाहिला. बाई ढिम्म. ऑर्डरी मागे पडत गेल्या आणि पुढच्या भाड्याच्या काळजीनं माझी अन्नावरची वासना उडाली.

एक दिवस कंपनीचा माणूस तपासणीला आला. सासूबाईंनी ऐटीत लुगडं बाजूला केलं. "पहा गा, एक ओरखडा नाही!"

त्याचा चेहराच उतरला. "आजी, चालवून नाही राहिले का तुम्ही? मंग भाडं कुठून देसान? झिजू द्या ना त्याले. झिजण्याचंच तं भाडं घेतो आम्ही."

सासूबाईंनी त्याला चहा पाजला, आणि तो गेल्यावर लुगड्याची घडी घालून पेटीत ठेवून दिली. तेव्हापासून मशीन दिवसभर खडखडू लागलं. भाडं वेळेवर जाऊ लागलं. गल्लीतल्या दोघीजणी कामाला आल्या. विकास विकास म्हणतात तो आमच्याकडे असा, हातात डबा घेऊन, पायी चालत आला. पुढे त्याच बँकेनं भाड्याच्या नियमित नोंदी पाहून मोठ्या मशीनसाठी कर्ज दिलं. या वेळी गहाण मागितलं नाही. मी इतकी हरखले, की साहेबांना दोनदा नमस्कार केला.

लीजचा करार संपला तेव्हा जुनं मशीन न्यायला तोच माणूस आला. रंग उडालेला, कडा घासून गुळगुळीत झालेल्या. सासूबाईंनी त्यावरून हात फिरवला, पदरानं डोळे टिपले. मलाही भरून आलं. मग पुठ्ठा सरकवायच्या जागी त्यांनी साखरेची पुडी ठेवली.

"झिजलं खरं, बापा," त्या त्याला म्हणाल्या, "पण रिकामं नाही पाठवून राहिली मी."