बॅटर्सबीसाहेबांचा पत्ता आणि माझं इंग्रजी

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. घरात रिकाम्या बाटल्या साठतात तसे ते साठतात. एक दिवस माळा उघडावा आणि बघावं, तर ही रास! माझ्या माळ्यावरची अर्धी रास एकाच इंग्रज कुटुंबाची आहे, आणि त्यातल्या बहुतेक किश्शांत माती खाणारा माणूस मीच आहे.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी बेलापूरला एका सरकारी रेकॉर्ड रूममध्ये क्लार्क होतो. नवं शहर वसत होतं, जमिनी घेतल्या जात होत्या, आणि उरण-पनवेलकडचे शेतांचे, मिठागरांचे जुने कागद आमच्याकडे पोत्यांनी येऊन पडत. आम्ही तिघं होतो. मी वैद्य. टायपिस्ट कांबळेबाई, ह्या तळकोकणातल्या. बोलायच्या कमी, पण बोलल्या की दिवसभर पुरायचं. आणि दप्तरी घरत, उरणजवळच्या गावचा. कुठलं पोतं कुठे आहे हे फक्त त्याला ठाऊक.

आणि एक दिवस इंग्लंडहून निळं पत्र आलं.

*

पत्र मिस बॅटर्सबी नावाच्या शाळामास्तरणीचं होतं. तिचे आजोबा, बेंजामिन बॅटर्सबी, इंग्रजांच्या काळात उरणच्या मिठागरांवर इन्स्पेक्टर होते. तिथेच तापाने गेले. तिचे वडील तेव्हा तान्हे. आजी त्यांना घेऊन मायदेशी परतली. आता वडील ऐंशीचे झाले होते, आणि त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं, की आपल्या बापाला कुठे पुरलं?

आमच्या ऑफिसच्या साहेबांनी पत्र माझ्याकडे सरकवलं. "वैद्य, तुमचं इंग्रजी चांगलं आहे."

झालं! छाती फुगली. मी ऑफिसच्या पद्धतीने फक्कड उत्तर ठोकून दिलं: 'आपला अर्ज अपुरा आहे. ज्यांची माहिती हवी, त्या श्री. बेंजामिन बॅटर्सबी यांची सही घेऊन पुन्हा पाठवावा.'

महिन्याभराने उत्तर आलं. 'त्यांची सही घ्यायला मला नक्कीच आवडेल. ते नेमके कुठे आहेत एवढं आपण कळवा, लगेच घेते!'

कांबळेबाईंनी ते पत्र मला दोनदा मोठ्याने वाचायला लावलं.

*

पुढच्या पत्रात मिसबाईंनी घराण्याचा वंशवृक्ष पाठवला. सुंदर अक्षर. त्यात बेंजामिनसाहेबांच्या भावाच्या नावापुढे लिहिलं होतं, डी.एस.पी.!

मी खुर्चीतून उठलोच. "घरत, साहेबांचा सख्खा भाऊ डी.एस.पी. होता!" आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. वाशीला आमच्या सोसायटीत सांगितलं. मिसबाईंना लिहिलं, 'आपल्या घराण्यात एवढा मोठा पोलीस अधिकारी होऊन गेला हे वाचून ऊर भरून आला.'

उत्तर फार सभ्य भाषेत आलं. वंशावळीत ही अक्षरं लॅटिनची असतात. अर्थ इतकाच, की मूलबाळ न होता वारले.

त्याच आठवड्यात खरे डी.एस.पी. काही कागद बघायला ऑफिसात आले. मी अदबीने उभा. ते जाताच घरतने मान खाली घालून विचारलं, "वैद्यसाहेब, यांना तरी पोरं हायत ना?"

*

थडगं शोधायचं मी मनावरच घेतलं. एका रविवारी घरतला घेऊन मिठागरं तुडवली. चिखलात दोनदा बसलो. आणि एका बांधावर दिसला, कोरीव दगड! त्यावर इंग्रजीत दोन अक्षरं, बी. बी. बेंजामिन बॅटर्सबी!

डोळ्यांत पाणी आलं. हार घातला, उदबत्ती लावली. नारळ फोडू का विचारलं, तर घरत म्हणाला, "ख्रिश्चन हाय, जाऊ द्या." कागद लावून कोळशाने त्या अक्षरांचा ठसा घेतला आणि इंग्लंडला रवाना केला.

पुढच्या रविवारी हार बदलायला गेलो, तर मिठागरावरचा एक म्हातारा कुतूहलाने जवळ आला. "मास्तर, हितं काय हाय?"

"इथे एका साहेबाला पुरलंय, बाबा."

"आरं, हद्दीचा धोंडा हाय तो. या बांधावर अशे सात हायत." मग जरा विचार करून म्हणाला, "एका मानसाला सात जागी पुरला काय?"

चार दिवस जेवण गोड लागलं नाही. शेवटी कबुलीचं पत्र लिहिलं, की बी. बी. ही नुसती हद्दीची खूण निघाली. मिसबाईंनी कळवलं, 'वडिलांनी तो ठसा फ्रेम करून पलंगासमोर लावला आहे. त्यांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, राहू दे. तो दगड माझ्या वडिलांनी रोज पाहिला असेल.'

हे पत्र मात्र मी कुणाला मोठ्याने वाचून दाखवलं नाही.

*

मग घरतने खरोखरच एका पोत्यातून मिठागराचं जुनं रजिस्टर काढलं. बेंजामिनसाहेबांचं पूर्ण नाव, हुद्दा, बंगला. इतकंच काय, घोड्याचंही नाव! प्रिन्स!

मी नाचायचाच बाकी होतो. "बघा कांबळेबाई, याला म्हणतात रेकॉर्ड! घोड्याचं नावसुद्धा सोडलं नाही!"

बाईंनी चष्मा वर केला. "खालची ओळ वाचा."

खाली होतं, 'मजूर, बाया धरून, साठ.'

"घोड्याने जागा जास्त घेतली असेल," बाई म्हणाल्या, आणि टाइप करायला लागल्या.

*

थडगं काही सापडलं नाही. ऐंशीच्या दशकात मिसबाईंचे वडील गेले, आणि पुढच्या वर्षी मिस बॅटर्सबी स्वतःच आल्या. साठीच्या, उंच, सुती झगा, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांच्याकडे उरणचा एकुलता एक फोटो होता. खुर्चीत साहेब, शेजारी मडम, मागे बाळाला घेऊन उभी एक लुगड्यातली बाई.

घरत म्हणाला, "आमची आत्या लय जुनी हाय. तिला दाखवू." आत्या नव्वदीला टेकलेली. तिने फोटो दारातल्या उजेडात धरला. साहेबाकडे बघितलंच नाही. मागच्या बाईच्या हनुवटीवरच्या गोंदणावर बोट ठेवलं.

"ही माजी आय!"

मग बोट बाळावर आलं. "आन ह्यो मडमचा पोर. मडमला दूद नवता. माजे आयनं पाजला. मी तवा अंगावर पीत व्हते. माजे वाटचा दूद ह्यानं पिला!"

मिसबाईंनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणाल्या त्या?"

आणि मी, ज्याचं इंग्रजी चांगलं, तो म्हणालो, "त्या म्हणतात, बाळ फार गोंडस होतं."

इतक्या वर्षांत घरतच्या तोंडून मी इंग्रजीचं एक वाक्य ऐकलं नव्हतं. तो पुढे झाला. "नो, मॅडम. युवर फादर... हर मदर... मिल्क."

मिसबाई आत्याशेजारी जमिनीवर बसल्या. आत्याने त्यांचा हात हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि मला म्हणाली, "इचार तिला, बाप किती वर्सं जगला?"

मी विचारलं.

"शहाऐंशी," मिसबाई म्हणाल्या. डोळे पुसले आणि हसल्या. "आणि शेवटपर्यंत एक दात पडला नव्हता."

हे मात्र मी शब्दन् शब्द सांगितलं. आत्या बोळकं पसरून हसली आणि जमिनीवर थाप मारली.

"पडंल कसा? दूद कोनाचा व्हता!"