त्याच्या अर्जात माझी आई

"दाणा खाली पडू द्यायचा न्हाय."

तात्या असं म्हणाले, आणि माझ्या आईनं चाळीस बायकांसमोर उभ्यानं डाळिंब खाल्लं.

तात्या म्हणजे पॅकहाऊसचे मालक. लासुर्ण्याच्या अलीकडं त्यांची शेड होती. डाळिंबाचे क्रेट यायचे, बायका माल निवडायच्या, पुसायच्या, आकारानं वेगळा करायच्या, खोक्यात भरायच्या. आई त्यातली एक. आम्हाला जमीन नव्हती. बाप कारखान्याच्या सीझनला ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर असायचा, बाकीचे महिने मिळेल ते करायचा. शेड मात्र बारमाही चालायची. डाळिंब संपलं की पेरू. म्हणून घर आईवर होतं. एक खोली, वर पत्रा. कालवण एका वेळेला, दुसऱ्या वेळेला भाकरीवर चटणी.

मी सहावीत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई मला शेडवर न्यायची. फुटका माल मागच्या खड्ड्यात टाकायचे, तो संध्याकाळी तात्यांच्या गुरांना जायचा. दिवसभर लाल ढिगात बसायचं आणि एक दाणा तोंडात टाकायचा नाही. मी दुपारपासून आईच्या मागं लागले होते. एकच दे. फुटकं दे. शेवटी तिनं एक फुटकं उचललं आणि डब्यात टाकलं.

काम सुटलं की गेटवर डबे उघडून दाखवायचे. रोजचा नियम. बायका ओळीनं झाकणं काढायच्या, वॉचमन आत डोकवायचा. त्या दिवशी तात्या तिथंच खुर्ची टाकून बसले होते. वॉचमननं डबा त्यांच्यापुढं धरला.

तात्यांनी आवाज चढवला नाही. शिवी दिली नाही. ते हसले.

"चोरीचा माल घरी न्यायचा न्हाय. हितंच खा. सगळ्यांम्होरं."

आई म्हणाली, "मालक, खड्ड्यातलं हाय."

"खड्डा बी माझाच हाय. खा."

आईनं खाल्लं. रस कोपरापर्यंत गेला. मी तिचा पदर धरून उभी होते. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. काही बायका हसल्या. आज मला कळतं, त्या हसल्या कारण डबा त्यांचा नव्हता. आई खाऊन संपेपर्यंत तात्या बघत राहिले. मग विचारलं, "ग्वाड हाय का?"

"व्हय मालक. ग्वाड हाय."

दुसऱ्या दिवशी आई परत कामावर गेली. दुसरी शेड नव्हती.

हे मी कुणाला सांगितलं नाही. बारावीपर्यंत नाही. बारावी मी बारामतीला केली, कॉमर्स. एसटीनं जायचे, एसटीनं यायचे. मला धंद्याचं शिकायचं होतं. लोक विचारायचे, पोरीनं मास्तरीण व्हावं, नर्स व्हावं, हे काय मॅनेजमेंट? मी सांगायचे, शेडमध्ये चाळीस बायका राबतात आणि एक माणूस खुर्चीवर बसतो. खुर्चीवरच्याला काय येतं ते मला शिकायचंय.

मॅनेजमेंटच्या मोठ्या कॉलेजांत बारावीनंतर थेट घेतात. आधी परीक्षा, मग निबंध, मग मुलाखत. बारामतीत त्याची तयारी करून घेणारा एक क्लास होता. फी माझ्या घराला झेपणारी नव्हती. क्लासचे सर म्हणाले, ऑफिसात बस, पोरांचे फॉर्म भर, फी नको. मी बसले. कागद स्कॅन करायचे, फोटो छोटे करायचे, अर्ज चढवायचे. काम चोख करायचे. सर उपकार करतात असं वाटायचं. तेव्हा वाटायचं.

निबंधाचा विषय होता, तुम्हाला घडवणारा एक प्रसंग. मी आठ दिवस कोरा कागद घेऊन बसले. मग गेट लिहिलं. डबा लिहिला. "ग्वाड हाय" हे इंग्रजीत कसं लिहायचं कळेना, तरी लिहिलं. सरांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. त्यांचं काळीज हललं असं मला वाटलं.

ते हिशोब करत होते.

त्याच क्लासात तात्यांचा मुलगा होता, युवराज. त्याच कॉलेजला अर्ज करणारा. गाडी घेऊन यायचा, मागं बसायचा. पोरगा वाईट नव्हता, नुसता बसून असायचा. त्याचा निबंध काही होईना. एक दिवस सर ऑफिसात सगळ्यांसमोर मला म्हणाले, "ह्याच्याकडं स्ट्रगलच न्हाय गं. तुझ्याकडं लय हाय. त्याला थोडा दे."

सगळे हसले. युवराजही हसला. "दे की," म्हणाला.

आणि मीही हसले.

हे मला स्वतःला माफ करता येत नाही. मी हसले, आणि त्याला माझी सायकल दिली. गावापासून हायस्कूलपर्यंतची, चेन पडणारी, पावसात ढकलत न्यायची सायकल. एक पानभर लिहून दिलं. वाटलं, सायकलच तर आहे. सर म्हणाले, शाब्बास.

फी भरणाऱ्या पोरांचे अर्ज आधी चढवायचे, हा क्लासचा नियम. युवराजची फाइल सरांनी स्वतः तयार करून दिली. मी उघडून बघितली नाही. चढवली. सबमिट मीच दाबलं. दोन दिवसांनी माझा अर्ज चढवला.

परीक्षेत मी पास झाले. मुलाखतीचं पत्र आलं. आई म्हणाली, मी येते. तिनं एक दिवसाचा खाडा केला. पुण्यातल्या त्या कॉलेजच्या गेटवर वॉचमननं तिला बाहेर बसवलं. "पालकांना आत परवानगी नाही." आत मोटारीतून उतरलेले पालक काचेच्या हॉलमध्ये कॉफी पीत होते. मी ते बघितलं आणि पुढं गेले. तेव्हा मला जागा हवी होती.

आत तिघं होते. दोन सर, एक मॅडम. कुणाबरोबर आलीस, असं मॅडमनी मराठीत विचारलं. घाबरू नकोस म्हणाल्या. मी म्हणाले, आई आलीय, गेटवर बसलीय.

मग एका सरांनी दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

एक माझा. दुसराही माझाच. तेच गेट, तोच डबा, तीच ओळीतली बाई. फक्त वर नाव युवराजचं. सायकलीचा एक शब्द नव्हता. क्लासच्या सरांनी सायकल टाकून दिली होती आणि आई उचलली होती.

इंग्रजी सफाईदार केलं होतं. शेवटी एक वाक्य वाढवलं होतं, की त्या दिवशी मी माझ्या आईच्या हातावरचा रस पुसला. मी पुसला नव्हता. मला ते सुचलंही नव्हतं.

मला राग यायला वेळ लागला. आधी किळस आली. घास तोंडात असताना त्यात केस लागावा, तशी. ज्या माणसानं माझ्या आईला खायला लावलं, त्याच्याच पोराच्या नावावर आता ती आई होती. बापानं अपमान केला, पोरगा त्यावर प्रवेश घेणार. मधल्या माणसानं त्यातही फी घेतली.

कागद ठेवणारे सर म्हणाले, त्याचा अर्ज तुझ्याआधी आलाय. भाषाही जास्त चांगली आहे. त्यामुळं मूळ कुणाचं हे उघड आहे.

मी म्हणाले, प्रसंग माझ्या आईचा आहे.

ते म्हणाले, तसं तोही काल म्हणाला.

मग मॅडम पुढं झुकल्या. त्यांना मला मदतच करायची होती, हे मी आजही मानते. त्या म्हणाल्या, "आई बाहेर आहे ना? बोलाव तिला आत. ती सांगेल काय झालं ते. दोन मिनिटांत प्रश्न मिटेल."

मी खुर्चीतून उठलेसुद्धा. खरं सांगते. दारापर्यंत गेले. आईला आत आणायचं, या तिघांपुढं उभं करायचं, आणि म्हणायचं, सांग आई. कसं खाल्लंस. किती बायका होत्या. ग्वाड होतं का. एवढं केलं की जागा माझी.

दाराच्या मुठीवर हात होता. तिथं मला कळलं, की हे मी आधीच करून बसलेय. तिला न विचारता मी तिला त्या कागदावर उभं केलं होतं. तात्यांनी चाळीस बायकांसमोर उभं केलं, मी न बघितलेल्या माणसांसमोर. क्लासच्या सरांनी मग फक्त उचललं.

मी परत आले. बसले नाही. विचारलं, "कालच्या मुलाच्या आईला बोलावलं होतं का?"

मग एक सर म्हणाले, "त्याची गरज पडली नाही."

"मग माझ्याही आईची गरज नाही."

त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. एक ओळ लिहून दे, म्हणाले. हा निबंध माझा नाही, एवढंच. मग आम्ही हे कुठं कळवणार नाही, पुढच्या वर्षी दुसरीकडं अर्ज करायला तू मोकळी. समजुतीचा सूर होता. पेनही त्यांनीच दिलं.

मी मराठीत लिहिलं. "निबंध माझा आहे. प्रसंग आईचा आहे. तिला आत बोलावणार नाही." खाली सही केली. पेन परत दिलं आणि बाहेर आले.

एसटीत आईनं विचारलं, काय इचारलं? मी सगळं सांगितलं. डबा, गेट, युवराज, सगळं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. भिगवण मागं गेलं. मग म्हणाली, "त्या पोराचं सोड. तू लिवलंस. मला इचारायचं तरी व्हतंस."

एवढंच. त्यानंतर ती रडली नाही की तिनं मला जवळ घेतलं नाही. मला ते बरोबरच वाटलं. आता हे लिहिण्याआधी मात्र मी तिला विचारलंय. "लिव," म्हणाली, "पर नाव घालू नगं."

दुसऱ्या दिवशी मी क्लासवर गेले. सरांना मुलाखतीतलं सगळं सांगितलं आणि विचारलं, असं का केलं? त्यांना लाज वाटेल असं मला वाटलं होतं, इतकी मी कच्ची होते. ते चहा पीत होते. म्हणाले, "गरिबीवर काय पेटंट हाय का तुझं? ते म्हणाले तसं लिवून दिलं असतंस तर दोघांचं काम झालं असतं, त्याचं औंदा, तुझं फुडल्या वर्षी. तूच नशीब फिरवलंस." मग कपबशी बाजूला करून, "उद्या लवकर ये, नवीन बॅचचे फॉर्म हायेत."

माझ्याकडं असलेल्या ऑफिसच्या किल्ल्या मी टेबलावर ठेवल्या.

जिन्यात युवराज भेटला. त्या सकाळीच लागलेल्या यादीत त्याचं नाव होतं, गावात अभिनंदनाचा फ्लेक्स लागायचा होता. तो खरोखर ओशाळला. म्हणाला, "अगं, मला काय ठाऊक? सरांनी दिलं, मी सही केली. मुलाखतीच्या आदल्या दिवशी सरांनी चार वाक्यं पाठ करून घेतली, तेवढीच बोललो. सगळं वाचलंपण न्हाय. काय होतं त्यात?"

वाचलंही नव्हतं. त्याच्या बापाची खुर्ची त्यात होती, त्याच्या घरचं गेट त्यात होतं, आणि त्यानं वाचलं नव्हतं. मी त्याला सांगितलं नाही. आईला आणखी एकदा का देऊन टाकायचं?

त्या कॉलेजचं मला उत्तर आलं, निवड नाही. कारण दिलं नव्हतं.

ते वर्ष मी वाया गेलं असं म्हणत नाही. मी आईशेजारी शेडमध्ये उभी राहिले. त्याच शेडमध्ये, हो. संध्याकाळी डबा उघडून दाखवायचे आणि वॉचमनच्या डोळ्यांत बघायचे. तो आधी नजर वळवायचा, मग हळूहळू डोकवायचाच बंद झाला. दिवसभर मी माल बघत होते. कुठलं खोकं परत येतं, का येतं, चूक तोडणीत असते की भरण्यात, आणि बोलणी मात्र बायकांनाच का बसतात. मी वहीत टिपत गेले. रात्री नाही, दिवसा, जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांदेखत.

पुढच्या वर्षी दुसऱ्या मोठ्या कॉलेजला अर्ज केला. माझ्या मोबाइलवरून, माझ्या हातानं. निबंधात परत आलेलं खोकं लिहिलं. मुलाखतीत एकांनी फाइल चाळली आणि मऊ आवाजात म्हणाले, "घरची परिस्थिती कठीण दिसते. त्याबद्दल सांगाल?"

तो मऊ आवाज मी ओळखते. मागणाऱ्याचा असतो तो.

मी म्हणाले, "परिस्थिती उत्पन्नाच्या दाखल्यात आहे. मला खोक्याबद्दल विचारा."

त्यांनी विचारलं. वीस मिनिटं विचारलं. सगळी उत्तरं मला येत होती.

आता नोकरीच्या ठिकाणीही लोक विचारतात, तुमचा प्रवास सांगा, पोरांना प्रेरणा मिळेल. मी सांगत नाही. ज्याला प्रेरणा हवी त्यानं एक दिवस त्या ओळीत डबा उघडून उभं राहावं. माझ्या कामाबद्दल विचारा, तासभर बोलेन. आईबद्दल विचारायचं असेल तर तिला विचारा, आणि ती नाही म्हणाली तर गप्प घरी जा.

मी व्यवस्थापनाची पदवी घेतली. प्रथम श्रेणीत. आमच्या घरातली ती पहिली पदवी. ज्या दुसऱ्या अर्जावर मला प्रवेश मिळाला, त्यात आई एकाच जागी आहे, "आईचे नाव" या रकान्यात.