खिडकीताईंचा डावीकडचा समुद्र

मध्यंतरी आमच्या गल्लीत एक बातमी फार जोरात होती. खिडकीताईंनी म्हणे किनाऱ्यावरच्या तटबंदीच्या गावात गुपचूप घर घेतलंय, आणि नोकरी संपली की त्या तिकडेच राहायला जाणार. बातमीला पुरावाही होता. तिथलं दीपगृह, वेशीजवळचं बाक, वाटेतल्या पाणथळीच्या उद्यानातला लाकडी पूल, सगळं त्या असं सांगायच्या, जणू सकाळी तिकडूनच दूध घेऊन आल्यात. बातमी कुणी उठवली ते मला ठाऊक नाही. मी फक्त पुढे दिली, आणि देताना जरा नटवली. खरं काय ते मला पहिल्यापासून माहीत होतं. घर राहिलं बाजूला, बाईंनी ते गाव कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना गाडी लागते.

नुसती लागते नाही, हाडवैर आहे. लिफ्टमध्येसुद्धा त्या डोळे मिटून, भिंतीला धरून उभ्या राहतात. आणि अशा बाईची नोकरी कुठे? तर सहलीच्या कंपनीत, बुकिंगच्या खिडकीत. खिडकीताई हे नाव त्यावरूनच पडलं. एका दिवसाची किनारा सहल: सकाळी निघा, पाणथळीत पक्षी बघा, दुपारी जुन्या गावात हिंडा, संध्याकाळी घरी. अर्ध्या शहराला त्यांनी समुद्र दाखवला आणि स्वतः काचेमागे बसून राहिल्या.

प्रयत्न केला नाही असं नाही. लग्न झाल्या झाल्या त्या आणि त्यांचे हे, म्हणजे आमचे घड्याळवाले भाऊजी, त्याच सहलीला निघाले होते. घाटाच्या दुसऱ्या वळणावर ताईंनी हात वर केला आणि बस थांबवावी लागली. तिथूनच पहिल्यांदा समुद्राची पट्टी दिसते. भाऊजी रस्त्याच्या कडेला उभे राहून ओरडत होते, "अगं बघ, तो बघ समुद्र!" आणि ताई खाली मान घालून म्हणत होत्या, "मला काही दाखवू नका, आधी पाणी द्या." बस पुढे गेली. हे दोघं एका दूधवाल्याच्या टेम्पोतून परत आले. "पुन्हा जाऊ," असं भाऊजी पुढे आयुष्यभर म्हणत राहिले. मग एके दिवशी म्हणणाराच गेला.

कंपनी नोकरांना दर वर्षी सहलीचा एक पास फुकट द्यायची. ताईंचा पास माझ्या पदरात पडायचा. पण फुकट कसला! परत आलं की यांच्या स्वयंपाकघरात हजेरी. चहाचा कप पुढे ठेवायच्या आणि सुरू.

"वेशीजवळचं बाक अजून हिरवंच आहे का गं?"

"हिरवंच आहे, ताई."

"आणि तिथे बसलं की वारा समोरून येतो की पाठीमागून?"

"आता ते मी कुठे बघितलं?"

"मग गेलीस कशाला?"

पुढल्या वर्षी मी बोट ओलं करून वारा बघून आले, असा त्यांचा धाक.

आता मुख्य गंमत. बसमध्ये वाटेतली माहिती सांगायला एक रेकॉर्डिंग लावतात. ते ताईंच्या आवाजातलं. ऑफिसातल्या सामानाच्या खोलीत, दाराला चादर लावून त्यांनी ते एका दुपारी केलं. लिहिलं त्यांनीच. आवाज असा, की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई वाळूत पाय खुपसून बसल्यात. फक्त एक घोटाळा. त्या म्हणतात, "डावीकडे पाहा, इथे समुद्र पहिल्यांदा दिसतो." आणि डावीकडे असतो फोडलेला डोंगर, त्यावर टायरची जाहिरात. समुद्र उजवीकडे. दीपगृहाचं तेच, पक्ष्यांच्या तळ्याचंही तेच.

कारण साधं होतं. किनाऱ्याचा नकाशा त्यांच्या काउंटरच्या काचेवर चिकटवलेला. त्याचं तोंड गिऱ्हाइकांकडे. ताई बसणार आतल्या बाजूला. कागदातून उजेड आरपार यायचा आणि त्यांना सगळा किनारा पाठीमागून दिसायचा. वर्षानुवर्षं तोच बघून पाठ झालेला.

हे त्यांना कुणी सांगितलं नाही. ड्रायव्हरची सक्त ताकीद होती. तो वळण आलं की ओरडायचा, "मंडळी, ताईंचं डावं ते आपलं उजवं!" आणि अख्खी बस हसत उजवीकडे वळायची. पण ताई मात्र आवडत्या माणसांना हळूच सांगायच्या, "तुम्हाला डावी खिडकी देते हं, समुद्राकडची." भांडखोर गिऱ्हाइकांना उजवी. म्हणजे इतकी वर्षं समुद्र बघितला तो त्यांच्या नावडत्या लोकांनी. मी तर लाडकी. टायरची ती जाहिरात मला तोंडपाठ आहे.

यंदा कंपनीने नव्या बस घेतल्या. त्यात म्हणे यंत्राचा आवाज येणार, ताईंचं रेकॉर्डिंग बंद. त्या दिवशी ताई माझ्या दारात आल्या, बसल्या नाहीत.

"शेवटच्या फेरीचं तिकीट काढलंय."

"माझं?"

"माझं. तुझंही काढलंय, मला धरायला कुणी नको?"

"ताई, झेपेल का?"

"मी तिथे बोलते म्हणे. एकदा ऐकू तरी दे, तिथे कशी बोलते ते. नंतर कुठे ऐकायचं?"

मग काय, गल्लीभर इलाज गोळा झाले. कुणी लिंबू दिलं, कुणी आलं, कुणी पोटावर वर्तमानपत्र बांधायला सांगितलं. ताईंनी सगळंच केलं. वाणसामानाच्या पिशवीसारख्या फुगून बसमध्ये चढल्या. जागा अर्थातच डावी खिडकी.

त्यांना बघून ड्रायव्हरचं तोंड उतरलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आता वळणावर ओरडू कसा? बाईंना कळेल की."

"गप्प बसा आणि गाडी हळू घ्या," मी म्हटलं.

घाट लागला. ताईंचे डोळे मिटलेले, लिंबू नाकाशी, माझं मनगट त्यांच्या मुठीत. दुसरं वळण आलं आणि त्यांचा तरुणपणीचा आवाज बसभर पसरला, "डावीकडे पाहा..." तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला तो उचलेचना.

"अहो, हॉर्न काय वाजवताय?" ताई कडाडल्या. "मला ऐकू द्या की!"

हॉर्न थांबला. रेकॉर्डिंगमधल्या ताई म्हणाल्या, "...इथे समुद्र पहिल्यांदा दिसतो." ताईंनी डोळे उघडले. काचेला नाक लावून बघत राहिल्या. समोर टायर.

आणि मागून एक टोपीवाले आजोबा म्हणाले, "अहो बाई, समुद्र इकडे आहे!"

ताईंनी मान वळवली, पण मधल्या जागेत सगळे उठून उभे राहिलेले. दिसल्या त्या पाठी, पिशव्या आणि एक छत्री. तोवर वळण संपलं. हसायचं कुणाला सुचलं नाही. ताईंनी डोळे मिटले आणि लिंबू परत नाकाशी धरलं.

पाणथळीच्या उद्यानात त्या बसमधून उतरल्याच नाहीत. रेकॉर्डिंग जिथे जिथे डावीकडे म्हणालं, तिथे एकदा उजवीकडे बघायच्या, बस्स. गावात मात्र उतरल्या. वेशीजवळच्या हिरव्या बाकावर बसल्या, आणि लोक दीपगृह चढून आले तरी तिथेच. मी म्हटलं, "ताई, चला की, आत गाव बघू."

"वारा पाठीमागून येतो," त्या म्हणाल्या. "तू समोरून सांगितला होतास." आणि पदराने डोळे पुसले. वाऱ्याने म्हणे पाणी येतं.

परतीच्या वाटेवर रेकॉर्डिंग लावत नाहीत. ऐकणार कोण? खाऊन, हिंडून दमलेली बस घोरत असते. ऊन उतरत होतं. ताई जाग्या होत्या, पोट धरून, पण जाग्या. त्यांच्या खिडकीपलीकडे काहीतरी चकाकायला लागलं. आधी मला वाटलं पत्रा आहे. मग तो वाढत गेला, थेट आभाळापर्यंत. दुसरं वळण आलं तशी ड्रायव्हरने, कुणी न सांगता, गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

ताईंनी काच सरकवली. बराच वेळ बघत होत्या. मग अगदी हळू, शेजारच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या, "हो हो, दिसला." मी शेजारीच होते, पण ते मला नव्हतं.

मला असं गप्प बसणं जमत नाही. अशा वेळी मी चेष्टा करते. म्हटलं, "काय ताई, इतकी वर्षं सगळ्या शहराला चुकीच्या बाजूला बघायला लावलंत!"

ताईंनी खिडकीतून नजरही काढली नाही.

"चुकलं कुठे? हा काय, डावीकडेच आहे. तुम्ही सगळे येताना झोपा काढता, त्याला मी काय करू?"