दगडाबाईच्या भिंतीपलीकडं

करुणाला कुणी 'समाजसेविका' म्हटलं की माझं डोकंच सणकतं. अरे, बाई चिकलठाण्याच्या कंपनीत दिवसभर उभ्यानं पॅकिंग करते, पाय सुजवून घरी येते, आणि तरी गल्लीतली पोरं गोळा करून म्हाताऱ्यांच्या घरी पाणी भरायला नेते. समाजसेविका म्हणणाऱ्यांनी तिला कधी कपभर चहा पाजला का? मी सुलेखा, तिची शेजारीण. मी पाजते, म्हणून बोलते.

आमच्याकडं नळ आठ-आठ दिवसांनी येतो आणि तासा-दीड तासात जातो. तरणेताठे भांडून भरून घेतात, म्हाताऱ्यांनी काय करायचं? करुणानं दहा-बारा पोरं धरली. खाऊ नाही, बक्षीस नाही. 'आपल्या घरची कळशी भरली की दुसरी म्हाताऱ्यांची,' एवढंच सांगितलं. पोरं लई खूश! त्यांच्या आया मात्र माझ्यापाशी कुरकुरायच्या, 'आमची लेकरं काय फुकटचे गडी हायेत?'

त्यात लुबना सगळ्यात गुणी, दहा वर्षांची. तिच्या घराच्या भिंतीला लागूनच दगडाबाईची खोली. दगडाबाई मूळची पिशोरची, मागंपुढं कुणी नाही आणि तोंड असं फाटकं की विचारू नका. पोरं रोजच डोकावायला लागली, तेव्हा तिनं करुणाला झापलं, 'नळाच्या दिवशी यावं. रोज रोज माझ्या दारात नाचायचं नाय!' करुणानं पोरांना तसंच बजावलं. नळ नसला की दगडाबाईला त्रास द्यायचा नाही.

मार्चमध्ये एकदा नळ आला तेव्हा लुबनाच कळशी घेऊन पुढं गेली. दाराला कडी नव्हती, नुसतं लोटलेलं होतं. पोरगी किंचाळली ती अख्ख्या गल्लीनं ऐकली. आत दगडाबाई मरून पडली होती.

दवाखान्यात करुणासोबत मी होते. डॉक्टर म्हणाले, चारेक दिवसांपूर्वी पडून मांडीचं हाड मोडलं असावं, आणि त्यानंतर दोन दिवस तरी बाई जिवंत असावी. त्या चार दिवसांत आम्ही मोठी माणसं त्या दारावरून किती वेळा गेलो असू! मला माझीच शिसारी आली.

आयांनी आपापली पोरं घरात कोंडली. बरोबरच होतं त्यांचं. लुबना मात्र तीन दिवस जेवली नाही, म्हणून तिची आई शहजादी तिला करुणाकडं घेऊन आली. मी तिथंच मेथी निवडत बसले होते.

'ताई,' पोरगी म्हणाली, 'भिंतीवर ठकठक होत होती. मैं दरवाजे तक गई थी. पण नळ नव्हता ना. तुम्ही म्हणला होता, त्रास द्यायचा नाही. म्हणून वापस आ गई.' मग तिनं करुणाचा पदर धरला. 'तब दादी जिंदा थी क्या?'

शहजादीनं तोंडावर हात दाबून धरला. व्हय म्हटलं असतं, तर ते लेकरू जन्मात उठलं नसतं.

'नाही गं राणी,' करुणा म्हणाली. 'पडली तेव्हाच गेली ती. डॉक्टरांनी सांगितलं. ते उंदीर असतील. विचार सुलेखामावशीला.'

'व्हय,' मी म्हणाले. 'उंदीरच.'

लुबनानं माझ्याकडं बघितलं आणि पदर सोडला. मग म्हणाली, 'मग बाकीच्यांकडं मी रोज जाऊ? नळ नसला तरी?'

'रोज जा,' करुणा म्हणाली. 'शिव्या दिल्या तरी दार वाजव.'

आता शाळेआधी लुबना नऊ दारं वाजवते. दोन पोरं तिच्यासोबत असतात, बाकीच्यांना त्यांच्या आया अजून सोडत नाहीत.

आणि करुणा? रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथं शील येतं, खोटं न बोलण्याचं. तेवढ्याला तिचे ओठ हलत नाहीत. मी तिच्या शेजारी बसते आणि ते मोठ्यानं म्हणते. लाज वाटते, पण म्हणते, कारण पोरं आमच्याकडं बघत असतात.