चार नावांची हाक

संध्याकाळी दिवे लागले की ती दारात यायची, पदर कमरेला खोचायची, एक हात चौकटीला लावायची आणि एका श्वासात हाक मारायची, "प्रज्ञा-राहुल-करुणा-आनंदऽऽ." मध्ये कुठे थांबणं नाही. गल्लीच्या टोकाला क्रिकेट खेळणारा राहुल असो की मैत्रिणीच्या गच्चीवर बसलेली प्रज्ञा, चौघं चार दिशांनी घराकडे निघायची. गल्लीत नव्याने राहायला आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना बरेच दिवस ते एकाच मुलाचं नाव वाटत होतं. एवढ्या लांब नावाचा मुलगा आहे तरी कोणता, असं त्यांनी एकदा मला विचारलंही.

सोलापुरात भवानी पेठेत आमच्या खोल्या समोरासमोर होत्या. मी एका पतसंस्थेत कारकून, एकटी राहणारी. ती टॉवेलच्या कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे मागासाठी लागणारं सूत लहान नळ्यांवर गुंडाळायची. माहेर मंद्रूपचं. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. त्यामुळे चार शाळकरी मुलांचा कारभार तिच्या एकटीच्या हातात. प्रज्ञा तेव्हा नववीत, राहुल सातवीत, करुणा चौथीत आणि आनंद नुकताच पहिलीत गेलेला.

तुम्हीही अशा बायका पाहिल्या असतील, ज्यांच्यासमोर कुठलीही अडचण नेली तरी ती निम्मी होऊनच परत येते. तिचं ठरलेलं उत्तर असायचं, "त्यात काय हाय?" करुणाला शाळेच्या गॅदरिंगमध्ये झाड व्हायचं होतं आणि हे तिला आदल्या संध्याकाळी आठवलं. पोरगी रडवेली झाली. ही म्हणाली, "त्यात काय हाय? करू की झाड." कारखान्यातून आणलेले हिरवे डागी टॉवेल घरात होतेच. त्यांची पानं कापली, जुन्या फ्रॉकवर टाचली. दुसऱ्या दिवशी स्टेजवर बाकीची झाडं कागदाची होती, पंख्याच्या वाऱ्याने त्यांची पानं उडून गेली. आमचं झाड शेवटपर्यंत जड आणि हिरवंगार उभं राहिलं.

आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, हे सोलापूरकरांना सांगायला नको. पाण्याच्या दिवशी पहाटे तिचा आवाज साऱ्या गल्लीला उठवायचा. "राहुल, घागर. करुणा, बाजूला हो. प्रज्ञे, बॅरल भरलं का बघ." आनंदकडे फक्त तांब्या असायचा, पण त्यालाही रांगेत जागा होती. आमच्यापैकी कुणी गजर लावत नव्हतं. तिचा आवाज आला की पाणी आलं.

हा आवाज कमावलेला होता. दिवसभर मागांच्या खडखडाटात शेजारणीशी बोलायचं तर ओरडावंच लागतं. तीच सवय घरी यायची. मग एका पावसाळ्यानंतर तो बसायला लागला. आधी सर्दी असेल म्हणून तिने हळद-दूध घेतलं. मग कुणी सांगितलं म्हणून ज्येष्ठमध चघळला. दिवाळीपर्यंत तिची हाक फाटक्या पत्र्यासारखी यायला लागली, आणि एका संध्याकाळी ती दारात उभी राहिली, तोंड उघडलं आणि "प्रज्ञा"च्या पुढे काही आलंच नाही. तिने घशाला हात लावला. माझ्याकडे बघून हसली आणि मुलांना बोलवायला पायात चप्पल घातली.

दुसऱ्या दिवशी मी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर तरुण बाई होत्या. नळीने तपासून त्यांनी सांगितलं की स्वरतंतूवर गाठ आहे, काढावी लागेल, आणि काढल्यावर ती तपासायला पाठवावी लागेल.

"तपासायला म्हंजे?" तिने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"बहुतेक साधीच असेल. पण खात्री करून घ्यायची."

परत येताना रिक्षात बाहेर बघत ती म्हणाली, "ताई, आवाज गेला तर चालंल. मी जायला नको. आनंद लई लहान हाय."

मी तिचा हात धरला. तिने तो धरू दिला, आणि आमची गल्ली आली तशी सोडवून घेऊन पदर नीट केला. "पोरांना फकस्त गाठ हाय म्हणून सांगायचं. तपासायचं काय बोलायचं न्हाय."

डिसेंबरच्या शेवटी ऑपरेशन झालं. नवरा सुट्टी काढून आला, पण फार दिवस थांबणं त्याला शक्य नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, काही आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. जाताना तो बिचारा मला म्हणाला, "ताई, ही गप बसायची न्हाय. तुमी लक्ष ठेवा." ती त्याच्या मागेच उभी होती. तिने त्याच्या पाठीत एक हलकी चापट मारली. पहिल्या दिवसापासून तिने तोंडातून शब्द काढला नाही, पण बोलायला दुसरी वाट काढत राहिली.

मी पाटी आणून दिली होती. तिने ती आनंदला देऊन टाकली. चार पोरांच्या घरात लिहीत बसायला सवड कुणाला? तिने टाळ्या ठरवल्या. एक टाळी प्रज्ञाची, दोन राहुलच्या, तीन करुणाच्या, चार आनंदच्या. यात घोटाळा असा झाला की पहिली टाळी वाजली की चौघंही हातातलं काम सोडून पुढच्या टाळ्या मोजत उभी राहायची. आनंद तर तिसऱ्या टाळीलाच धावत सुटायचा, न जाणो चौथी वाजली तर. शेवटी टाळ्या बंद झाल्या. ती उठून ज्याचं काम असेल त्याच्याजवळ जायची आणि खांद्याला हात लावायची.

पहिले दोन-तीन दिवस पोरांनी चैन केली. आई ओरडू शकत नाही म्हटल्यावर राहुलने टीव्ही बंद केला नाही, करुणाने भाजी ताटाखाली लपवली. ती नुसती समोर येऊन बसायची आणि बघायची. ते बघणं मीही एकदा पाहिलं. राहुलने आपणहून रिमोट खाली ठेवला आणि म्हणाला, "अभ्यास करूलालोय की." पुस्तक उलटं होतं, पण हातात होतं.

नवऱ्याचा फोन यायचा तेव्हा ती मोबाइल कानाला लावून भिंतीला टेकून बसायची. तो कुठल्या तरी ढाब्यावरून बोलायचा. मध्येच त्याचा आवाज बाहेर ऐकू यायचा, "ऐकतीस न्हवं?" ती नखाने मोबाइलवर टकटक करायची. तो पुढे बोलायला लागायचा.

तपासणीचा निकाल आणायला आम्ही दोघी गेलो. गाठ साधी होती. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलं तेव्हा तिने हात असा उडवला की मला त्यातलं "त्यात काय हाय" स्पष्ट ऐकू आलं. मग ती बाहेर आली, व्हरांड्यातल्या नळावर तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, आणि पाणी बंद करायचं विसरून तशीच ओणवी उभी राहिली. मी पुढे होऊन नळ बंद केला. पदराने तोंड पुसून ती मला ओढतच बाहेर घेऊन गेली, कारण करुणाची शाळा सुटायची वेळ झाली होती.

त्याच आठवड्यात राहुलच्या शाळेत पालकसभा होती. माझ्या वतीने बोला, अशा अर्थाची खूण करून ती मला बरोबर घेऊन गेली. सरांनी राहुलला आमच्या शेजारीच उभं केलं होतं. म्हणाले, "मुलगा हुशार आहे, पण वर्गात सारखा बोलतो. शेजारच्यालाही लिहू देत नाही. गणितात मागे पडायला लागलाय."

तिने माझ्याकडे न बघता राहुलकडे बघितलं आणि हाताने भराभर काही खुणा केल्या. मला त्यातलं अर्धंही समजलं नाही. राहुल खाली मान घालून उभा.

"काय म्हणतात आई?" सरांनी विचारलं.

"ती म्हणती, उद्यापासून मला पुढच्या बाकावर बसवा."

"बरं. आणखी?"

"आणखी म्हणती, गणिताची वही रोज तुमची सही घेऊन घरी आणायची." त्याने एकदा आईकडे बघितलं. "आणि म्हणती, मारू नका. बोलायचं ते ती घरी बोलंल."

सर हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी राहुलच्या पाठीवर हात ठेवला. तिने उठताना आणखी एक खूण केली, स्वतःकडे बोट आणि मग राहुलकडे. ती मात्र त्याने सांगितली नाही. वाटेत मी त्याला विचारलं, शेवटी आई काय म्हणाली. तो थोडा पुढे चालत गेला, मग थांबून म्हणाला, "म्हणाली, हा माझ्यावानी हाय. बोलल्याबिगर ऱ्हावत न्हाय त्याला."

संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याची जत्रा भरली. पोरांनी वर्षभर वाट बघितलेली असते, न्यावं तर लागणारच. मीही गेले. पाळण्यांचे भोंगे, खेळण्यांच्या दुकानांवरचे कर्णे, भज्यांचा वास, खांद्याला खांदा लागेल अशी गर्दी. तिने आनंदचा हात घट्ट धरला होता. करुणाच्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून ती खाली वाकली, चप्पल बघितली, आणि सरळ होईपर्यंत आनंद नव्हता.

आम्ही चारी बाजूंना बघितलं. आनंदसारख्या लाल स्वेटरची दहा पोरं दिसली, त्यांत आमचा नव्हता. तिने दोन पावलं पुढे टाकली, परत आली. मग तिने छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं. मला कळलं ती काय करणार आहे, आणि थांबवावं की नाही हे मला कळेना.

प्रज्ञाने तिच्या तोंडावर हात ठेवला. "आई, न्हाय. मी हाय." आणि वळून, एक हात कमरेवर ठेवून, त्या पोरीने हाक दिली, "प्रज्ञा-राहुल-करुणा-आनंदऽऽ."

आवाज हुबेहूब तिचा होता. तीच उंची, तेच शेवटचं लांबवणं. स्वतःचं नावही तिने त्यात घेतलं, कारण ती हाक तशीच असते. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. प्रज्ञा थांबली नाही. राहुल आणि करुणाही तिच्याबरोबर ओरडायला लागले. फुग्यांच्या गाड्यामागून, माणसांच्या पायांमधून वाट काढत, आनंद धावत आला. भेदरलेला अजिबात नव्हता. चेहरा नुसता उजळला होता. तो सरळ आईच्या कमरेला बिलगला आणि वर बघत म्हणाला, "आई, तू बोललीस?"

तिने मान हलवली. नाही. मग प्रज्ञाकडे बोट केलं. आनंदने बहिणीकडे बघितलं, पुन्हा आईकडे बघितलं. त्याला पटलं नसावं. ती मात्र खाली बसली, तिथेच धुळीत, आणि चौघांना एकदम कवेत घ्यायचा प्रयत्न करायला लागली. चार पोरं एका मिठीत मावत नाहीत. करुणाची एक चप्पल बाहेर राहिली होती, ती मी उचलून धरली.

महिन्याच्या शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिला बोलायची परवानगी दिली. "बोला आता," त्या म्हणाल्या.

ती गोंधळली. "काय बोलू?"

तो आवाज वेगळा होता. खालच्या पट्टीतला, मऊ, जरा ओलसर. मोठ्याने बोलायचं नाही, कारखान्याच्या गोंगाटात तर नाहीच, असं बाईंनी सांगितलं. तिने मालकाकडे जाऊन कांड्यांचं खातं सोडलं आणि टॉवेलच्या घड्या करून पॅकिंग करायचं काम मागून घेतलं. तो नाही म्हणत होता. ही म्हणे समोर उभी राहून त्याच हळू आवाजात तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिली. हळू बोलणाऱ्या बाईवर ओरडणं त्याला जमलं नसावं.

पोरांना त्या आवाजाची सवय झाली. ऐकायचं तर जवळ यावं लागायचं, म्हणून चौघं जवळ यायची. स्वयंपाकघरात ती भाकरी थापत असायची आणि ओट्याभोवती दोघं-तिघं उभी, शाळेतलं काहीबाही सांगत. आमच्या गल्लीला पाण्याच्या दिवशी आता गजर लावावा लागायचा.

गेल्या वर्षी ते लोक विजापूर रस्त्याकडे स्वतःच्या दोन खोल्यांत राहायला गेले. समोरच्या खोलीत आता एक विद्यार्थी राहतो, तो दार लावून असतो. उन्हाळ्यात एका रविवारी मी शेंगाचटणी घेऊन तिचं घर शोधत गेले. दार उघडंच होतं. वीज गेली होती. चौघं घरात होती आणि कुणी बोलत नव्हतं. ती मधोमध चटईवर झोपली होती, एक हात डोक्याखाली, तोंड किंचित उघडं. इतक्या वर्षांत मी तिला झोपलेली कधी पाहिली नव्हती. ती लहान दिसत होती.

प्रज्ञा उठून दाराशी आली. "मावशी, उठवू का?"

मी नको म्हटलं आणि डबा तिच्या हातात दिला. निघताना आत बघितलं. खिडकीला अजून पडदा नव्हता. करुणा खिडकीला पाठ टेकवून पुस्तक वाचत बसली होती, तिची सावली आईच्या तोंडावर पडेल अशी. ऊन सरकलं की पुस्तकातून डोकं वर न काढता तीही थोडी सरकत होती.